देवळालीची पेटी आणि आमची कार्डं

जॅझचा एखादा ट्रॅक कोणी फोनवर पाठवला की मी आधी विचारते, ड्रमवर कोण आहे? पियानोवर कोण? आणि बहुतेक वेळा पाठवणाऱ्याला माहीत नसतं, कारण त्यालाही कोणीतरी तसाच पाठवलेला असतो, वर नुसतं माइल्स डेव्हिस ह्या ट्रम्पेटवाल्याचं नाव लिहिलेलं. आपल्याकडे साधी कॉलनीतल्या गणपतीतली मैफल असली तरी तबल्याला कोण आणि पेटीला कोण हे निवेदक आधी सांगतो, लोक त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवतात. जॅझमध्ये तर साथीदार आणि मुख्य कलाकार असं काही फार वेगळं नसतंच, प्रत्येक जण आपल्या पाळीला पुढे येतो, आपलं म्हणणं मांडतो, मागे जातो. मग चार जणांची नावं गाळून एकाच्याच नावावर ते गाणं फिरवायचं हे मला पटतच नाही. आम्ही नाशिकमध्ये काही जण मिळून जुन्या रेकॉर्ड्स गोळा करतो, साफ करतो, ऐकतो आणि एकमेकांना देतो त्यात हा नावांचा मुद्दा कसा मधोमध येऊन बसला ते सांगते.

आम्ही म्हणजे मी (अंबडला कारखान्यात क्वालिटीला आहे, लहानपणी पेटी शिकले), जेल रोडचे एक तबलावाले काका, इंजिनिअरिंग करणारा एक मुलगा जो गिटार वाजवतो, आणि नाशिक रोडला राहणारे एक निवृत्त सर ज्यांच्याकडे जॅझच्या कॅसेट कपाटभर आहेत. बाकी लोक येऊन जाऊन असतात. महिन्यातनं एखाद्या रविवारी गंगापूर रोडला माझ्या घरी बसतो.

रेकॉर्ड्सची पेटी मिळाली ती सरांमुळे. देवळाली कॅम्पला एक जुना बंगला रिकामा होत होता, फर्निचर आधीच गेलेलं, आणि मागच्या खोलीत एका लाकडी पेटीत रेकॉर्ड्स होत्या त्या भंगारात निघाल्या होत्या. सरांना कोणीतरी सांगितलं, त्यांनी मला फोन केला की आत्ताच्या आत्ता गाडी काढ. वरच्या थरात एलपी (एका बाजूला बरीच गाणी मावणाऱ्या प्लास्टिकच्या रेकॉर्ड्स), खाली सगळ्या 78च्या (त्याहून जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या), काही उभ्या काही आडव्या, कागदी कव्हरं पावसाळ्यांनी पिवळी पडून तबकडीला चिकटलेली. आडव्या ठेवलेल्यांपैकी तळाच्या काही तडकल्या होत्या. 78ची तबकडी लाखेची असते, वजनाने भारी आणि काचेसारखी फुटणारी, तिला उभंच ठेवावं लागतं. पैसे काय द्यायचे ते सर आणि मालक यांनी पारशी-मराठी-हिंदी असं मिसळून ठरवलं, मी त्यात पडले नाही, मी टॉर्च घेऊन खाली बसले होते.

टॉर्च महत्त्वाचा आहे. तबकडीवर समोरून उजेड टाकला तर सगळंच चकचकीत दिसतं. टॉर्च अगदी आडवा, तबकडीच्या पातळीला धरायचा आणि तबकडी सावकाश फिरवायची, मग कुठला ओरखडा नुसता वरवरचा आहे आणि कुठला खाचेत उतरलाय ते दिसतं. बुरशी पांढरट ठिपक्यांसारखी दिसते आणि ती बहुतेकदा जाते. ओरखडा जात नाही. मग तबकडी डोळ्यासमोर आडवी धरून वाक आहे का ते बघायचं. एवढं केलं की काय ठेवायचं काय सोडायचं ते कळतं, आम्ही अर्थात काहीच सोडलं नाही.

साफसफाई माझ्याकडे आली. एलपीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मायक्रोफायबरचं कापड, आणि हात फिरवायचा तो खाचांच्या दिशेनेच, गोल गोल, आडवा कधीच नाही. मधल्या कागदी लेबलावर पाणी जाऊ द्यायचं नाही. 78ला मात्र अल्कोहोलचा थेंबसुद्धा नको कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पॉलिशवाल्याला विचारा, तो तर लाखदाणा स्पिरिटमध्येच भिजवतो. 78ला नुसतं पाणी आणि लिक्विड, लगेच पुसून कोरडी. वाळवायला मी भांडी बाजारातून ताटल्या उभ्या ठेवायचं स्टीलचं स्टँड आणलं, त्याच्या तारांमध्ये तबकड्या अगदी बरोबर बसतात. मग नवीन कव्हर. जुनं कव्हर फाटकं असलं तरी फेकायचं नाही, त्यावर कधी दुकानाचा शिक्का असतो, कधी पेन्सिलने तारीख, तो पण पुरावाच आहे.

वाजवायची गोष्ट वेगळी. एलपीची सुई 78ला लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते, कारण 78ची खाच रुंद असते. 78ची सुई साधारण 75 मायक्रॉनची लागते, एलपीची 18 ते 25. शिवाय हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलला 78चा स्पीडच नसतो. सरांकडे तीन स्पीडचा होता, त्याला वेगळा कार्ट्रिज (सुई बसवायचा भाग) लावून घेतला. मग कर्व्हचं प्रकरण. एलपी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे चढवतात, वाजवताना उलटं करतात, ह्याचं आरआयएए नावाचं एक ठरलेलं माप आहे पण ते 1954चं. त्याच्या आधी प्रत्येक कंपनीचं माप वेगवेगळं. म्हणून जुनी 78 आजच्या फोनो प्रीअँपमधून (रेकॉर्डचा बारीक आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून) सरळ काढली की आवाज बसलेला किंवा किरकिरा येतो. आमच्या गिटारवाल्या पोराने हे सगळं ऑडॅसिटी ह्या सॉफ्टवेअरमध्ये सोडवलं, त्यात जुन्या कंपन्यांचे कर्व्ह लावून बघता येतात, कानाला जो खरा वाटेल तो ठेवायचा आणि कुठला लावला ते लिहून ठेवायचं. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ असं बारीकसारीक टिपणारं सेटिंग, आवाजाची लेव्हल कमाल मर्यादेच्या सहा डीबी खाली ठेवून रेकॉर्ड करायचं म्हणजे मधेच कुठे कट्ट वाजलं तरी फाटत नाही.

पोराला नॉइज रिडक्शनचा फार सोस होता. त्याने माइल्स डेव्हिसच्या काइंड ऑफ ब्लू ह्या एलपीवरनं ब्लू इन ग्रीन हा ट्रॅक उतरवला, खरखर पार काढून टाकली, आणि अभिमानाने लावलं. सुंदर शांत वाजत होतं. काका दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "अरे पण ड्रमवाला उठून गेला की." आणि खरंच. जिमी कॉब त्या ट्रॅकवर ब्रशने वाजवतो, स्नेअर ह्या ड्रमवर तारांचा ब्रश गोल फिरवत ठेवतो, त्याचा आवाज म्हणजे अक्षरशः सुर्रर्र असा, आणि सॉफ्टवेअरला तो आणि रेकॉर्डची खरखर ह्यात फरक कळत नाही, दोन्ही पुसून टाकलं. तेव्हापासून आमच्याकडे फक्त मोठे टिचके हाताने काढतो, एकेक करून, खरखर तशीच ठेवतो. चार-पाच मिनिटांच्या एका ट्रॅकला पोराची पूर्ण संध्याकाळ जाते. तो करतो बिचारा, आता तर त्यालाच कोणी साफ फाइल पाठवली की राग येतो.

त्याच एलपीवर दुसरी गोष्ट सापडली आणि ती माझ्या वाजवायच्या पेटीने सापडली. सो व्हॉट हा पहिला ट्रॅक, त्याचा सा पांढरी दोन, आणि सूर बघाल तर सरळ काफी थाट, ग आणि नी कोमल. म्हणून मी त्याच्यासोबत पेटीवर सूर धरून बघत होते तर जुळेना, रेकॉर्ड जरा चढी वाटत होती. वाटलं टर्नटेबलचा स्पीड असेल. बाजू उलटली, ऑल ब्लूज लावलं, तर तिथे बरोबर जुळलं. तेच मशीन, तीच एलपी, एक बाजू चढी आणि एक बाजू सुरात! सरांना हे माहीत होतं, ते हसायलाच लागले. झालं होतं असं की 1959मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबियाच्या थर्टीथ स्ट्रीट स्टुडिओत दोन दिवसांत ही रेकॉर्ड झाली, 2 मार्च आणि 22 एप्रिल. 2 मार्चला मुख्य टेपमशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगात लावली की सूर चढतो, आणि त्या दिवसाचे तिन्ही ट्रॅक पहिल्या बाजूला आहेत. 1992मध्ये दुसऱ्या मशीनवरच्या सेफ्टी टेपवरनं (राखीव प्रतीवरनं) हे दुरुस्त केलं. म्हणजे मधली तीस-बत्तीस वर्षं जगभर मुलं चढ्या रेकॉर्डबरोबर वाजवून शिकली. कुठल्या वर्षीची प्रत आहे हे लिहायलाच पाहिजे हे मला त्या दिवशी पक्कं कळलं.

आणि सो व्हॉटमध्ये आणखी एक आहे जे पेटी शिकलेल्या माणसाला हलवून टाकतं. सोळा मात्रा नव्हे, सोळा बार (इथे एक बार म्हणजे चार मात्रा) पांढरी दोन, मग आठ बार सगळंच्या सगळं उचलून काळी दोन, मग परत आठ बार पांढरी दोन. म्हणजे सा स्वतःच सरकतो! आपल्याकडे तानपुरा एकदा लावला की सा तिथेच, सगळं जग त्याच्याभोवती. इथे जमीनच अर्धा स्वर वर जाते आणि सगळे जण न गडबडता तिच्यासोबत जातात. मी पेटीवर डावीकडे सा धरून ठेवला होता आणि त्या आठ बारला माझं बोट आपोआप उचललं गेलं. ज्याला ज्याला जॅझ कळत नाही म्हणतात त्याला मी हेच ऐकवते, बाकी काही समजावत नाही, फक्त म्हणते सा कुठे सरकला ते सांग.

आता कार्ड. ह्याच रेकॉर्डमधलं फ्रेडी फ्रीलोडर एका ओळखीच्यांनी पाठवलं होतं, खाली लिहिलेलं, बिल एव्हान्सचा पियानो ऐका. बिल एव्हान्स बाकी चारही ट्रॅकवर आहे, पण ह्या एकावर नाही, इथे विंटन केली आहे. आणि पहिला सोलोच (एकेकाची पुढे येऊन वाजवायची पाळी) पियानोचा आहे, म्हणजे विंटन केलीने एवढं खेळकर, उड्या मारत वाजवलंय आणि दाद दुसऱ्याला. मला ते फार लागलं. कव्हरच्या मागे हे नाव छापलेलं असतं, पण फाइल झाली की कव्हर गेलं आणि कव्हरबरोबर माणूस गेला. म्हणून ठरवलं की आमच्याकडून काहीही कार्डाशिवाय जाणार नाही. साधं जाड कागदाचं कार्ड, वर रेकॉर्डचं नाव, मग एकेका वाद्यापुढे माणूस, मग रेकॉर्ड झाल्याची तारीख आणि गाव, कंपनी आणि नंबर, आपली प्रत कुठे छापलेली, लेबलाभोवतीच्या कोऱ्या जागेत काय कोरलंय, आणि खाली सोलो कुठल्या क्रमाने आहेत. सो व्हॉटला माइल्स, मग कोल्ट्रेन, मग कॅननबॉल अॅडर्ली (हे दोघं सॅक्सोफोनवाले), मग एव्हान्स. क्रम कळला की नवीन माणसालाही दोन सॅक्सोफोन वेगळे ऐकू यायला लागतात, एक टोकदार, शोधत जाणारा, आणि एक गोल, हसरा. हे मी कितीदा बघितलंय.

एलपीचं कार्ड सोपं. 78चं अवघड, कारण लेबलावर फक्त बँडचं नाव. आमच्या पेटीत पार्लोफोनची एक 78 निघाली, वेस्ट एंड ब्लूज, खाली लुई आर्मस्ट्राँग अँड हिज हॉट फाइव्ह एवढंच. मूळ अमेरिकेत ओके कंपनीने 8597 नंबरने काढलेली. बाकीची नावं डिस्कोग्राफीत शोधायची, ब्रायन रस्ट ह्या माणसाने 1897 ते 1942 पर्यंतच्या जॅझ रेकॉर्ड्सची यादी आयुष्यभर खपून केली, शिवाय सँटा बार्बराच्या युनिव्हर्सिटीचा मोठा डेटाबेस आहे. तर शिकागो, 28 जून 1928, पियानो अर्ल हाइन्स, ड्रम झटी सिंगलटन, क्लॅरिनेट जिमी स्ट्राँग, ट्रॉम्बोन फ्रेड रॉबिन्सन, बॅन्जो मॅन्सी कार. हॉट फाइव्ह म्हणतात पण माणसं सहा!

ही ऐकली त्या रविवारी पाऊस होता, लाइट जाईल की काय अशी धाकधूक. सुरुवातीला एकटा आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट, साथीला कोणीच नाही, तो वर चढत जातो आणि खाली येतो, बारा-पंधरा सेकंदच असतील, काका एकदम ताठ बसले, म्हणाले हा तर आलाप पण नाही आणि तान पण नाही, दोन्ही एकदम आहे. मग क्लॅरिनेट एक वाक्य बोलतो आणि आर्मस्ट्राँग तोंडाने, शब्दांशिवाय, त्याला हळूच उत्तर देतो. मग हाइन्सचा पियानो. आणि मग शेवटच्या फेरीत ट्रम्पेट एकच वरचा सूर धरतो आणि सोडतच नाही, जवळजवळ चार बार, खाली बाकीचे पुढे जातायत आणि तो तिथेच. ह्या सगळ्याला तीन मिनिटांच्या थोडंसं वर, कारण तबकडीत तेवढंच मावायचं. आम्ही लगेच परत लावली. खरखर भरपूर आहे तिच्यावर, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

काकांचं मन मात्र जिंकलं ते टेक फाइव्हने. डेव्ह ब्रुबेकच्या बँडचं, पण चाल सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची, हेही लोक ब्रुबेकच्या नावावर खपवतात. पाच मात्रांची, तीन आणि दोन. काका पहिल्यांदा ऐकताना हातावर मोजत होते, ड्रमचा सोलो आला तसे थांबले आणि म्हणाले, "हा तर लहरा धरून बसलाय!" एकदम खरं आहे. जो मोरेलो ड्रमवर सोलो करतो तेव्हा ब्रुबेक पियानोवर तीच पाच मात्रांची ओळ वाजवत राहतो, पेटीवाला तबला सोलोला नगमा धरतो अगदी तसंच, आणि मोरेलो मोकळ्या जागा सोडत, घाई न करता वाजवतो. 1959चीच रेकॉर्ड, तोच थर्टीथ स्ट्रीटचा स्टुडिओ. त्याच्या आदल्या वर्षी ब्रुबेक अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर भारतात येऊन गेला होता. काका आता त्यांच्या तबल्याच्या मुलांना हा सोलो ऐकवतात, आणि माझ्याकडून कार्ड घेऊन जातात, मोरेलोचं नाव वर लिहिलेलं.

घरच्या मोठ्यांना ओढायचं असेल तर मी दुसरीकडून जाते. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र, त्यांचा 1951चा अलबेला सगळ्यांना पाठ असतो. त्यांच्याबरोबर काम करणारे चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रम्पेटवाले, त्यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. अलबेलातली गाणी लावायची आणि लगेच नंतर खरा आर्मस्ट्राँग. माझ्या आत्याला एवढं पुरलं, तिने स्वतःहून परत लाव सांगितलं.

फाइल सगळ्यांना का देत नाही असं विचारतात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशित झाल्यापासून 60 वर्षं असतो, चालीचा हक्क त्याहून वेगळा असतो, आणि ही मोजणी प्रत्येक रेकॉर्डला करत बसण्यापेक्षा आम्ही सरळ ठरवलं की ऐकायचं ते एकत्र बसून आणि वाटायचं ते कार्ड. गाणं आज कुठेही सापडतं, माणसांची नावंच सापडत नाहीत.

ह्या नावांनीच पुढे एक दार उघडलं. पेटीच्या तळाशी भारतात छापलेल्या कोलंबियाच्या काही 78 होत्या, नाचाची गाणी, लेबलवर टेडी वेदरफर्ड अँड हिज बँड. मी त्या बाजूला ठेवल्या होत्या. एक दिवस आर्मस्ट्राँगच्या 1926च्या शिकागोतल्या रेकॉर्डिंगचं कार्ड करत होते, अर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्राचं, आणि पियानोपुढे लिहिलं टेडी वेदरफर्ड. लिहून झाल्यावर हात थांबला. उठून जाऊन तबकडी काढली. तोच माणूस! शिकागोत आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून वाजवणारा, हाइन्स तिथे नवा असताना ज्याचा दबदबा होता तो, नंतर शांघाय, मग मुंबईचं ताज, मग युद्धाच्या काळात कलकत्ता, तिथेच ह्या रेकॉर्ड्स केल्या आणि 1945मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. देवळालीला तेव्हा ब्रिटिश सैन्याचा ट्रान्झिट कॅम्प (येणाऱ्या-जाणाऱ्या सैनिकांचा तळ) होता, कोणी सोल्जरने विकली की बंगल्यातल्या लोकांनीच मुंबईहून आणली काय माहीत. पण शिकागोच्या पियानोवाल्याची तबकडी माझ्या गंगापूर रोडच्या टेबलावर होती आणि मी तिला नाचाची गाणी म्हणून मागे सारलेलं होतं, कारण फक्त बँडचं नाव वाचलं होतं, माणसाचं नाही.

आता त्याच्या बँडचं कार्ड करतोय. पियानो वेदरफर्ड, एवढं शाईने. बाकी वाद्यांपुढे जे पक्कं सापडेल तेच शाईने जाणार, ऐकीव नावं पेन्सिलने. सर म्हणतात की एका बाजूवरचा ट्रम्पेट ऐकून त्यांना एक नाव सुचतंय पण ते सांगत नाहीत, म्हणतात आधी आणखी दोन-तीन तबकड्या ऐकू दे, मग बोलतो. तेव्हा नाशिक, भगूर, देवळाली, इगतपुरी ह्या भागात कोणाच्या माळ्यावर जुन्या कोलंबियाच्या 78 पडून असतील आणि लेबलवर असला बँड दिसला तर भंगारात देऊ नका, आडव्या असतील तर आधी उभ्या करून ठेवा, आणि मला कळवा, मी टॉर्च आणि रिकामं खोकं घेऊन येते. विकायच्या नसतील तरी चालेल, तिथेच बसून लेबल उतरवून घेईन.